झाडलेला खंदक

पानास सावोविचला एकच विद्या येत होती, जमिनीत खंदक खणून माणूस जिवंत ठेवण्याची. बत्तीस वर्षं तो युक्रेनमधल्या पोल्ताव्याजवळच्या सराव-मैदानावर पायदळाच्या जवानांना तीच शिकवत आला. निवृत्त होऊन घरी टोमॅटो लावत होता, तोच युद्धाने पुन्हा बोलावून घेतलं. हातातलं छोटं फावडं हीच त्याची फूटपट्टी. दोन फावडी रुंद, तीन फावडी खोल, उकरलेल्या मातीचा बांध शत्रूच्या बाजूला, कडा सुरीने कापल्यासारख्या. सगळे खंदक एका ओळीत. आणि प्रत्येकाच्या तोंडाशी काटक्यांच्या केरसुणीने झाडलेलं. केर दिसला की तो अख्खा खंदक बुजवून पुन्हा खणायला लावी.

या तुकडीत बाराजण होते, सगळे चाळिशीपुढचे, खेड्यातले. मधमाश्या पाळणारा तिमोफी त्यांत तोंडाळ.

"आजोबा, घरचं अंगण एवढं झाडलं असतं तर बायकोने मला इकडे येऊच दिलं नसतं."

"झाड मुकाट्याने. गुरुवारी बस येणार आहे तुमची."

गुरुवारी ते आघाडीवर जाणार होते. पानासला सगळे आजोबाच म्हणत. खंदकांची ओळ पाहिली की आजोबाला जरा धीर येई.

सोमवारी यारिना आली. तेवीस वर्षांची पोर, आघाडीवर ड्रोन उडवायची, मांडीत छर्रे घुसले म्हणून महिनाभर इकडे. ती म्हणाली, "पानास सावोविच, तुमच्या माणसांना लपायला सांगा. मी शोधते." बाराजण खंदकांत शिरले, वर जाळ्या ओढल्या. तिने ड्रोन सोडला. चौथ्या मिनिटाला तिने कॅमेऱ्याचा पडदा आजोबापुढे धरला.

पिवळ्या गवतावर काळ्या मातीची सरळ रेघ. रेघेला लागून बारा स्वच्छ चौकोन, पाहुणे येणार म्हणून झाडून ठेवलेल्या उंबऱ्यांसारखे.

"तुमची माणसं फार टापटिपीची आहेत," यारिना म्हणाली. "म्हणूनच मरतील."

"पोरी, ओळीत असले की एक दुसऱ्याला सांभाळतो. माझा आवाज शेवटच्यापर्यंत पोचतो."

"आणि वरच्या ड्रोनला एक सापडला की बाराही सापडतात."

त्याने मैदानाच्या कप्तानाला गाठून ओळ मोडायची परवानगी मागितली. कप्तानाने मान वर केली नाही. "पुस्तकात ओळ आहे ना? मग ओळ खणा आणि नियमाप्रमाणे झालं म्हणून सही करा."

"पुस्तक लिहिलं तेव्हा आभाळ रिकामं होतं, साहेब."

"तुम्हीच शिकवत होता ना ते पुस्तक? मलासुद्धा?"

आजोबाने सही केली नाही. कागद तसाच टेबलावर ठेवून तो बाहेर आला. जेवणाच्या रांगेत त्याने वाटीभर कुट्टूची लापशी घेतली आणि न खाता परत ठेवली. मग बाराजणांना गोळा केलं.

"मी शिकवलं ते चुकलं. ओळ बुजवा."

कुणी हललं नाही. चूक आपली, असं म्हणणारा शिक्षक त्यांनी पाहिला नव्हता.

मंगळवारी ते शेताच्या कडेच्या झाडांच्या पट्ट्यात गेले. दोघांना एक खड्डा, दुसरा पंचवीस पावलांवर, वर ओंडके आणि पाचोळा. माती गोणीत भरून लांब ओढ्यात टाकायची. आजोबा या खड्ड्यावरून त्या खड्ड्यावर पळत होता, मापं सांगत होता, मग स्वतःच खोडत होता.

बुधवारी यारिनाला चाळीस मिनिटांत एकच खड्डा सापडला, तिमोफीचा. सवयीने त्याने तोंडाशी झाडून ठेवलं होतं.

"हातच तसा वळतो हो आजोबा!"

"मीच वळवलाय तो," आजोबा म्हणाला. गुडघ्यांवर बसून त्याने ओंजळी भरभरून पाचोळा पसरला.

गुरुवारी सकाळी पुन्हा शोध झाला. बॅटरी संपली, यारिनाने दुसरी घातली. तीही संपली. "एकही नाही," ती म्हणाली. आजोबाचा विश्वास बसेना. तो पट्ट्यात शिरला. खड्डे त्यानेच आखून दिलेले, तरी सापडेनात. शेवटी त्याने शिट्टी फुंकली, तेव्हा पाचोळ्यातून बाराजण उठले. एकजण तर त्याच्या बुटाजवळूनच. त्याने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं.

माणसं बसमध्ये चढली. आजोबाला जरा हलकं वाटलं. त्याने यारिनाला विचारलं, "तिकडेही असेच पट्टे आहेत ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "होते. आता नुसते बुंधे उरलेत. तोफांनी पानं राहू दिली नाहीत. आणि थंडीत ड्रोनचा कॅमेरा अंगाची ऊबच बघतो, आमचा काय नि त्यांचा काय."

बस सुरू झाली होती. आजोबा धावला. बासष्ट वर्षांचा माणूस चिखलातून धावत जाऊन काचेवर मुठी मारू लागला. तिमोफीने काच सरकवली.

"काय राहिलं, आजोबा?"

काय राहिलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ओठावर आलेलं प्रत्येक माप जुनं वाटत होतं.

"तिथली जमीन बघा... जे तिथे टिकून आहेत त्यांना विचारा. ऊब झाका, कशाने ते त्यांना ठाऊक असेल. मी शिकवलं तेवढ्यावर राहू नका!"

"आणि हे आत्ता सांगताय!" तिमोफी ओरडला. "दोन दिवस गोणी वाहायला लावल्या!"

आत कुणीतरी हसलं. बस वळली. आजोबा धापा टाकत तिच्यामागे आणखी थोडा चालत गेला, मग यारिनाकडे वळला.

"ऊब कशी झाकतात, ते आत्ताच सांग. पुढची तुकडी दुपारी दोनला येतेय."