नारळाच्या कॅप्सूल देव्हाऱ्यात

मित्रांनो, आज डोकं तापलंय म्हणून लिहितोय.

मी कोचीत कामाला. गावी कोरीटला आईला सारखा खोकला, ताप. इथं दुकानदार म्हणाला, नारळापासून बनवलेल्या कॅप्सूल घे, इन्फेक्शन जवळ येत नाही. लगेच बाटली पाठवली.

आज व्हिडिओ कॉल केला तर बाटली देव्हाऱ्यात, कुंकू लावलेली!

"आई, खायच्या होत्या ना!"

"नारळन्या शेतस ना भाऊ? कानबाईना रोट होऊ दे, मंग खासू." आमच्याकडे कानबाई देवी नारळाच्याच रूपात बसवतात, रोट हा तिचा सण.

"आणि ताप?"

"पंक्या माले दवाखानामा लई गयथा. आते बरं शे."

पंक्या माझा चुलतभाऊ. शेजारी बसून आईच्या हातची भाकरी खात होता. म्हणतो, "दादा, तू नारळ धाड, आम्ही आठे फोडतस!"

आई बरी झाली, पण मी जळतोय. खरं सांगा, आई बरी झाली ती आपल्यामुळे नाही, याचा राग तुम्हाला कधी आलाय?