शिमग्याआधीची मोजणी

गेल्या जनगणनेत आमच्या बोर्डीच्या घरात पाच माणसं राहत होती. प्रत्यक्षात होतो दोघंच, मी आणि नवरा. थोरला मुंबईला नोकरीत, धाकटा पुण्याला होस्टेलवर, आणि सासूबाई लेकीकडे वलसाडला गेल्या त्या चार महिने परत यायचं नाव घेत नव्हत्या. पण मोजायला आलेले मास्तर ओळखीचे निघाले. त्यांनी चहा घेतला, वाडीतले चिकू पिशवीत घातले, आणि नवऱ्याने त्यांच्यापुढे रेशनकार्ड उघडून ठेवलं. नवरा रेल्वेत नोकरीला. कागदावर आहे तेच खरं, यावर त्याची आयुष्यभराची श्रद्धा. मास्तरांनी पाचही नावं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. नियम मला पाठ होता, कारण त्याच आठवड्यात मीही प्रगणक म्हणून घरोघर हिंडत होते. तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. स्वतःची मुलं आपल्या तोंडाने कोण कमी करून घेईल?

मला मोजायला मिळाला होता तो वेवजीच्या अलीकडचा एक पाडा. माझी शाळाही तिथलीच, त्यामुळे घरं तोंडपाठ. या पाड्याची एक रीत आहे. भात झोडून झालं, दिवाळी झाली की मुलाबाळांसकट माणसं वीटभट्टीवर जातात, आणि शिमग्याला कुठूनही परत येतात. होळी पेटायच्या आत माणूस घरी नाही, असं सहसा घडत नाही. मधल्या काळात माझ्या हजेरीपटाची दशा बघवत नाही. आणि जनगणना करायची ती नेमकी फेब्रुवारीत. दिल्लीहून पाहिलं तर महिना उत्तमच आहे, पाऊस नाही, ऊन नाही, लोक निवांत घरी असावेत असा. माझ्या त्या कागदांवरून पुढे या पाड्याला पाणी किती मिळायचं ते ठरणार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी वेगळं वागले असते, असं आता म्हणायला सोपं आहे.

पाड्याच्या टोकाला कारवीच्या कुडाचं एक घर होतं. अंगणात म्हातारी वाल सोलत बसलेली. मुलगा, सून आणि चार नातवंडं भिवंडीकडच्या भट्टीवर गेली होती. कोंबड्या आणि घर सांभाळायला ती मागे राहिली होती. घरात किती माणसं, असं विचारल्यावर तिने माझ्यासमोर जमिनीवर वालाचे दाणे मांडले. एकेक दाणा ठेवताना ती त्या माणसाचं नाव घेई आणि मी ऐकलं की नाही ते बघे. सात दाणे झाले. मी तिला नियम समजावून सांगितला. मोजणीच्या दिवसांत जो घरी राहिला नाही त्याला इथे धरायचं नाही, तो जिथे असेल तिथे त्याची नोंद होईल.

"तिथं त्यांना कोन वळखतो?" ती म्हणाली. "इथं लिव ना. शिमग्याला येनारच ती."

मी एक लिहिलं. तिचं वय तिला ठाऊक नव्हतं, ते अंदाजाने लिहिलं. इतकं काटेकोर काम मी त्याआधी किंवा नंतर कधी केलेलं नाही. पर्यवेक्षकांनी माझे कागद बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवले आणि मी दोन दिवस हवेत होते. पुढे पंधरा-वीस दिवसांत शिमगा आला, पाडा माणसांनी भरला, आणि शाळेत बसायला जागा पुरेना. कागद तोवर गेले होते.

त्यानंतरची जनगणना लांबतच गेली. पाड्यात लग्नं झाली, पोरं झाली, ती पोरं माझ्याच हाताखाली बाराखडी शिकली. माझी मुलं बोर्डीला परतली नाहीत आणि सासूबाई वारल्या. सरकारदरबारी मात्र आमच्या घरात अजून पाच आणि त्या घरात एक. मग पाड्याला नळयोजना आली आणि ग्रामसभा भरली. इंजिनीअर तरुण होता, वागायला अदबशीर. मागच्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या इतकी, म्हणून टाकी एवढी, आणि नळ शेवटच्या पाच घरांच्या अलीकडेच थांबणार, असं त्याने नकाशावर पेन्सिल फिरवून सांगितलं. ती घरं बहुतेक बंद दिसतात, असंही म्हणाला.

म्हातारीची सून पुढेच बसली होती. आता तिचेही केस पांढरे झालेत. ती उठली आणि म्हणाली, घरं बंद नाहीत, त्यांत माणसं आहेत, आणि उन्हाळ्यात ती ओहळातल्या खड्ड्यातून वाटीने पाणी भरतात. मोजणीच्या वेळी आम्ही भट्टीवर होतो. तिथे एक माणूस लिहायला आला होता, पण मुकादमाने त्याला सांगितलं, ही तलासरीकडची माणसं, यांची नावं तिकडे लिहिली असतील. तो परत गेला. इंजिनीअरने सगळं ऐकून घेतलं आणि नाइलाज आहे म्हणाला. हे लिहिलं कोणी, असं तिने विचारलं तेव्हा त्याला सांगता आलं नाही. कोणी शिक्षक असतील, म्हणाला.

सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली. पाड्यावर सगळे सगळ्यांना अरेतुरेच करतात, मलाही.

"बाय, आता परत मोजनार हायेत ना? या टायमाला तू लिव. तू आमाला वळखतेस."

मी म्हटलं, "मागच्या वेळेला मीच लिहिलं होतं."

ती रागावेल म्हणून मी वाट पाहत होते. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हातारीला तरी लिवलीस ना?"

"लिहिली."

"बरा केलास," ती म्हणाली.

म्हातारीला जाऊन नऊ वर्षं झाली. टाकीच्या हिशेबात त्या घराचं पाणी धरलंय ते तिच्या एकटीचं.