कप्तानांचा भोंगा

समस्त वऱ्हाडवासीयांना, विशेषतः अमरावती आणि अकोला या दोन गावांच्या मंडळींना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की क्रिकेट बॅटने खेळतात ही निव्वळ अफवा आहे. क्रिकेट गळ्याने खेळतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पुरावा म्हणून एक गृहस्थ आपल्यापुढे हजर करतो.

भोंगा हातात आला की ते आधी तो धोतराच्या सोग्याने पुसत. मग त्यात एक फुंकर मारत. मग समोरच्या गर्दीवर नजर फिरवून विचारत, "आवाज येऊन राह्यला का? ज्याले नसंल येत त्यानं हात वर करा." ज्याला ऐकूच येत नाही तो हात वर कशाला करील, हे त्यांना विचारायची आमची कधी छाती झाली नाही.

आम्ही त्यांना कप्तान म्हणत असू. खरं तर कप्तानपद त्यांच्या वाट्याला अर्धाच दिवस आलं होतं. परतवाड्याच्या मॅचला जाताना आमचे मूळ कप्तान, गावातले बडे वकील, वाटेत भजी खाऊन आडवे झाले आणि संघ यांच्या ताब्यात आला. दुपारी वकीलसाहेब उठून बसले, पण पदवी काही परत मिळाली नाही. "एकदा कपाळाले टिया लावला का पुसते का कोनी?" असं म्हणून कप्तानांनी विषय मिटवला.

घराणं माळ्याचं. वलगावच्या रस्त्याला शेवंती आणि झेंडूची बाग. आमच्या क्लबात सगळे वकील, मास्तर आणि डॉक्टर. वऱ्हाडातल्या उन्हात चेंडू टाकत राहण्याचा दम एकातही नव्हता. म्हणून यांना बोलावलं. यांचा चेंडू म्हणजे लग्नाला निघालेली विहीण. निघायची मोठ्या थाटात, पोचायची तिच्या मर्जीने. बॅट्समन आधी बॅट फिरवून मोकळा व्हायचा, मग चेंडू यायचा, मग दांडी पडायची. त्याच परतवाड्याच्या मॅचमध्ये एका गोऱ्या साहेबाची अशीच दांडी पडली. साहेब लालबुंद होऊन ओरडला, "ये कैसा बॉल है?"

कप्तान अदबीने म्हणाले, "साहेब, पैदल आया."

पुढे गुडघा गेला. बागेला पाणी देताना पाटात पाय मुरगळला आणि कायमचा वाकडा झाला. त्या हिवाळ्यात ते मैदानावर यायचे, पण निंबाखाली खेळाकडे पाठ करून बसायचे. मी तेव्हा नुकता वकिलीला लागलो होतो आणि क्लबाचा धावफलक लिहीत होतो. मी एकदा विचारलं, "कप्तान, बघत काहून नाही?"

"ऐकून राह्यलो ना, वकीलबापू. पाह्यलं का हात शिवशिवते."

हा माणूस आता निंबाखालीच संपणार, असं मला वाटू लागलं होतं. तेवढ्यात गावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी रेडिओ आणला.

मुंबईच्या मोठ्या सामन्यांचं वर्णन त्यावर इंग्रजीत यायचं. ज्यांना इंग्रजी कळे ते आत गादीवर लोडाला टेकून, ज्यांना कळत नसे ते बाहेर रस्त्यावर माना उंच करून. कप्तान मधोमध उंबऱ्यावर. एक दिवस त्यांनी शेठजींच्या बिघडलेल्या ग्रामोफोनचा पितळी भोंगा काढला, पुसला, फुंकला आणि रस्त्यावरच्यांना मॅच सांगायला सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं. पण खेळ पुरता कळत होता, आणि उरलेलं ते पदरचं घालत. मुंबईचा धिप्पाड गोलंदाज त्यांच्या तोंडी "उधळलेल्या गोऱ्ह्यावानी" धावत सुटे आणि आमच्या रस्त्यावरची माणसं खरोखर दोन पावलं मागे सरकत.

रेडिओ मधूनच नुसता खरखरू लागे. कप्तान मात्र थांबत नसत. एकदा त्या खरखरीत त्यांनी एका नामांकित फलंदाजाला आऊट करून, हार घालून, तंबूत पोचवलं. तेवढ्यात रेडिओ शुद्धीवर आला, आणि तोच फलंदाज चौकार मारत होता! आतले वकील खो-खो हसू लागले. बाहेरून कोणी ओरडलं, "कप्तान, तो तं गेला होता ना?"

कप्तानांनी भोंगा पुसला. "गेला होता. पंचाले पस्तावा झाला. वापस बोलावला."

लोकांनी पंचाच्या दिलदारपणाला टाळ्या दिल्या.

मग लाऊडस्पीकर आला, आणि अमरावती विरुद्ध अकोला या दरसालच्या मॅचचं वर्णन मैदानावरून सांगायचं काम साहजिकच यांच्याकडे आलं. पहिल्याच वर्षी बोंब झाली. अकोल्याचा चौकार गेला की हे म्हणत, "चुकून गेला." आमचा गेला की म्हणत, "पाहा, कसा गेला!" दुसऱ्या वर्षी अकोल्याच्या मंडळींनी निरोप धाडला: यंदा या माणसाने एका शब्दानेही पक्ष घेतला, तर पुढच्या सालापासून लाऊडस्पीकर अकोल्याच्या वकिलांच्या हाती. आमच्या कमिटीने ही अट मान्य केली.

कप्तान त्या दिवशी प्रथमच हळू आवाजात बोलले. "पाय गेला, वकीलबापू. हातचा चेंडू गेला. आता एवढं तोंड राह्यलं. तेही घेता का तुमी?" आणि त्यांनी गळ्याची शपथ घेतली की अमरावतीच्या बाजूने चकार शब्द काढणार नाही.

आता दैवाचा खेळ पाहा. त्याच उन्हाळ्यात त्यांनी मुलगी अकोल्याला दिली होती. जावई अकोल्याच्या संघात. मॅच आली नेमकी दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे जावई पहिल्या दिवाळसणाला सासऱ्याच्या घरी उतरलेला. मॅचच्या सकाळी मी कप्तानांना आणायला गेलो, तर त्यांच्या घरच्या काकू त्यांना दारातच बजावत होत्या, "जावयाचं तोंड उतरलेलं दिसलं तं याद राखजा. पयला सण हाय पोरीचा."

मैदानावर कप्तानांच्या एका बाजूला धावफलक घेऊन मी, दुसऱ्या बाजूला कान टवकारून अकोल्याचे वकील. त्या दिवशी कप्तान सरकारी गॅझेटासारखे बोलले. "चेंडू टाकण्यात आला. चेंडू अडवण्यात आला. टाकणाऱ्याचे आणि अडवणाऱ्याचे आभार." दोन्ही गावांचे प्रेक्षक जांभया देऊ लागले. अमरावतीने दांडी उडवली तरी यांचा चेहरा दगडाचा. कपाळावरून घाम मात्र ओघळत होता. दुपार कलली. अकोल्याची शेवटची जोडी, जिंकायला दोनच धावा हव्या, आणि बॅट जावयाच्या हातात.

त्याने चेंडू आभाळात उडवला. खाली उभा आमचा किसना, बैलगाडीवरून फेकलेली टरबुजं झेलणारा बाजारातला गडी. त्याच्या हातून कधी काही सुटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. अमरावती उभी राहिली. कप्तानही उभे राहिले, वाकड्या गुडघ्यावर.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी मला अडवायला नको. किसनाच्या हातून झेल सुटला. अकोला जिंकलं. संध्याकाळी अकोल्याच्या त्याच वकिलांनी उठून ठराव मांडला की हा गृहस्थ हयात असेपर्यंत लाऊडस्पीकर यांच्याच हाती राहावा, कारण असा निःपक्षपाती माणूस वऱ्हाडात दुसरा नाही. विरोध केला तो आमच्या अमरावतीकरांनी, पण हसता हसता तो विरोध विरून गेला. कप्तान शेवटपर्यंत बोलले. ते गेल्यावर आता एक तरुण मास्तर बोलतात. शुद्ध बोलतात, बिनचूक बोलतात, आणि लोक भुईमुगाच्या शेंगा सोलत बसतात.

तर चेंडू खाली येत होता, किसनाने ओंजळ धरली होती, सारं मैदान माना वर करून उभं होतं, आणि लाऊडस्पीकरमधून दोन्ही गावांनी ऐकलं:

"किसना, सोड! अबे सोड ना तो! जावई हाय माहा, राती जेवाले बसवाचा हाय त्याले!"