काकूचा वाटा

गाव सोडलं त्या सकाळी माझ्या मायच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं नव्हतं, टोपलं होतं. टोपल्यात भुसा, भुशात अंडी, अंड्यांवर बसलेली खुडूक तांबडी कोंबडी आणि वरून जुन्या लुगड्याचं फडकं आवळून बांधलेलं. भांडी बाच्या एका खांद्यावर, धाकटा भाऊ दुसऱ्या खांद्यावर आणि माझ्या हातात पाय बांधलेल्या दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, उलट्या लटकलेल्या. चिखलात पाय रुतत होते. बा दर थोड्या वेळानं मागं वळायचा आणि दातओठ खाऊन म्हणायचा, "लोकं घरं जाळायलेत, आन् हिला अंडी उबवायची पडलीत!" माय टोपलं दोन्ही हातांनी धरून चालत होती. टोपलं हललं तर कोंबडी उठेल, कोंबडी उठली तर अंडी गार पडतील, एवढंच तिच्या डोक्यात आहे असं बाला वाटत होतं. खरं म्हणजे मलाही तेच वाटत होतं.

गावात राहिलेल्यांनो, आणि आमच्यासारखे परभणीला, पुण्याला, कुठं कुठं पांगलेल्यांनो, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय, पण हसण्यावारी नेलीय. लग्नात भेटलं की मायचं नाव घेऊन अजून कुणीतरी विचारतंच, "कौसाबाईची कोंबडी कुठंय?" मीही हसते. आता माय राहिली नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. हसायचं तर वाचून झाल्यावर हसा.

ती कोंबडी आमची नव्हती. म्हणजे अर्धीच आमची होती. वरच्या आळीतल्या गोदाकाकूच्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं त्यांच्या अंगणात कोंबडी चालत नसे. काकूच्या नवऱ्याला आणि दिराला मात्र आखाडात रस्सा लागायचा. म्हणून काकूनं एक कोंबडी मायकडं अर्धलीनं ठेवली होती. कोंबडी तिची, सांभाळायचं आम्ही, पिल्लं निम्मी निम्मी. वाटा करायची रीत ठरलेली होती. सांभाळणाऱ्यानं दोन भाग करायचे आणि मालकिणीनं आधी उचलायचं, म्हणजे वाटणाऱ्याच्या मनात पाप असलं तरी त्याचा काही उपयोग नाही. वरचं एखादं उरलं तर ते सांभाळणाऱ्याचं. आणि वाटा झाल्याशिवाय त्यातलं एकही पाखरू चुलीवर चढवायचं नाही. काकूच्या वाटणीचं पाखरू तिच्या गोठ्यामागं मुलाणी येऊन कापून द्यायचा आणि ते बाहेरच्या चुलीवर शिजायचं. आमच्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं, आमच्या हातची कोंबडी चालायची. विटाळ पाण्याला होतो आणि रश्श्याला होत नाही, हे शास्त्र मला अजून कळलेलं नाही.

मायचा कोंबड्यांवर जीव होता, पण लाड नव्हता. अंडं उन्हात धरून आत जीव धरलाय की नाही ते ती सांगायची. नको त्या वेळी खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळून काढायची. दिवस कलला की पिल्लांना जोंधळ्याची कणी टाकून एकेक डालग्याखाली घालायची आणि डालग्यावर दगड ठेवायची. मानमोडीची साथ आली की गावभर कोंबड्या माना टाकायच्या, तेव्हा ही आपली पाखरं घेऊन शेताच्या कडेला जाऊन बसायची. काकूनं कधी येऊन मोजलं नाही. मोजायची गरज नाही, याचा मायला फार अभिमान होता. आमच्याकडं दुसरं अभिमान धरण्यासारखं काही नव्हतंही.

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला. आमच्या बौद्धवाड्यातल्या एकानंही ते विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं, पण जाब आम्हाला द्यायचा होता. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, रानात काम मिळेना. देवघेव बंद, असं वरच्या आळीत ठरलं होतं. कुठल्या कुठल्या गावात घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि आम्ही सगळे क्षितिजावर धूर दिसतोय का ते बघत बसायचो. ढगसुद्धा धुरासारखे दिसायचे. वस्तीच्या कडेचं पहिलं घर आमचंच. बाची बहीण परभणीत, स्टेशनच्या मागं राहायची. बा म्हणाला, "उद्या सकाळी निघायलाव. घालायचं, पांघरायचं तेवढं घ्या."

माय म्हणाली, "वाटा झाला न्हाई."

बा असा ओरडला की शेजारची माणसं बाहेर आली. माय खाली बसून भुसा चाळत होती. "वाटा न करता गेलो तर काकूच्या कोंबड्या घिऊन पळाले म्हणतील," ती म्हणाली. "जळालेलं घर पुन्ना बांधता येतंय. चोर म्हणलेलं पुसता येत न्हाई. आन् आपण जाऊ निघून, मागं ऱ्हायलेत त्यांच्यावर समदं निघंल." चोरीचं निमित्त पुरेसं आहे हे त्यालाही माहीत होतं.

माय टोपलं घेऊन भरदिवसा वरच्या आळीला निघाली. लपून गेलं तर चोरासारखं दिसेल, म्हणून भरदिवसा. मी आधीच्या पिल्लांतल्या, वाटा न झालेल्या त्या दोन तलंगा घेऊन मागं. आमच्या पायांचा आवाजसुद्धा मला नकोसा झाला होता. गोठ्याच्या दारात काकूचा दीर आणि आळीतली आणखी काही माणसं बसलेली. दिराच्या हातात काठी होती.

"काय गं कौसे, काय आणलंस?"

"काकूचा वाटा हाय, मालक."

"देवघेव बंद हाय, म्हाईत न्हाई का तुला? का मुद्दाम आलीस?"

"मागायला न्हाई आलाव. त्यांचं त्यांला द्यायला आलाव."

दीर उठला. काठीच्या टोकानं त्यानं टोपल्याचं फडकं वर केलं. कोंबडी फुगून घशातल्या घशात गुरगुरली. बाकीचेही उठून जवळ आले. माझ्या हातातल्या तलंगा फडफडायला लागल्या आणि मी त्यांचे पाय इतके घट्ट आवळले की माझीच बोटं बधिर झाली. तेवढ्यात गोदाकाकू डोक्यावर पदर घेऊन दारात आली. रोज मायशी घटकाभर बोलणारी बाई, आज तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. टोपल्याकडं पाहिलं.

"ही अंड्यावर हाय."

"व्हय, काकू."

"मग वाटा कसला करायलीस? पिल्लं निघाल्याबिगर वाटा व्हत न्हाई. रीत म्हाईत न्हाई तुला? जा घिऊन माघारी. तोवर तूच संभाळ."

आवाज असा, की अंगणात घुसलेल्या जनावराला हाकलावं. आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. रीत सगळ्या गावाची होती, दिराची पण होती. त्याची काठी खाली आली. आम्ही पाठ वळवून चालू लागलो. पाठीत दगड बसेल म्हणून मी खांदे आवळून चालले होते.

"दिलं ना हाकलून?" घरी पोचल्यावर बा म्हणाला. मलाही रडू येत होतं, अपमानानं.

"हाकललं न्हाई," माय म्हणाली. "संभाळ म्हणली."

आमचा स्वतःचा कोंबडा आणि दोन म्हाताऱ्या कोंबड्या होत्या. त्या नेता येणार नव्हत्या आणि ठेवायच्या तरी कुणासाठी? दुपारी बानं कापायला घेतल्या. आमच्यात कापायच्या आधी पाखराच्या चोचीत पाणी सोडायचे. बानं सोडलेलं निम्मं पाणी बाहेर सांडलं. मायनं गरम पाण्यात बुडवून पिसं उपटली आणि बारीक लव जाळायला बानं कडब्याची पेंढी पेटवली.

जळक्या पिसांचा वास वस्तीत पसरला आणि एकच हलकल्लोळ झाला. "जाळ लागला! जाळ लागला!" कुणी घागर घेऊन पळत आलं, कुणी पोरांना काखेत मारून जोंधळ्यात शिरलं, एका म्हातारीनं घरातली पेटी बाहेर ओढली. सगळे आमच्या अंगणात येऊन थांबले. मधोमध बा, हातात अर्धवट भाजलेला कोंबडा. मग कुणीतरी हसलं आणि सगळी वस्ती पोट धरून हसली. ती म्हातारी हसता हसता रडायला लागली, ती थांबेचना. ते मटण सगळ्यांनी वाटून खाल्लं. तिखट नव्हतं, तेल नव्हतं, घराघरांतून चिमूट चिमूट जमवलेलं मीठ होतं. कोंबडीच्या पोटातल्या संगदाण्यासाठी एरवी आम्ही भावंडं भांडायचो, त्या दिवशी तो पातेल्यात तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी निघालो ते मी सुरुवातीलाच सांगितलं. एक सांगायचं राहिलं. पेडगावच्या रस्त्यावरच्या पुलाशी माणसं उभी होती. बा थांबला, त्यानं भावाला खांद्यावरून खाली घेतलं. एकानं विचारलं, "टोपल्यात काय हाय?"

"गोदाकाकूची कोंबडी," माय म्हणाली. मान तशीच ताठ. "अंड्यावर हाय. वाटा व्हायचाय."

त्यांच्यातला एक काल गोठ्यात होता. त्यानं तोंड फिरवलं. "जाऊ द्या. त्यांचीच कोंबडी हाय." म्हणजे वाट कोंबडीला मिळाली, आणि तिच्यामागं आम्ही निघालो. हे मला खूप वर्षांनी उमगलं. मायला तिथंच उमगलं असणार.

परभणीत आत्याच्या पत्र्याच्या खोलीत, खाटेखाली, पिल्लं निघाली. एक अंडं गार निघालं, बाकी सगळी निघाली. मायनं एकेक तलंग घालून दोन भाग केले. काकू नव्हती, म्हणून मला उचलायला लावलं. मी धडधाकट पिल्लं उचलली तशी म्हणाली, "बरं झालं, ती काकूची." त्यांच्या पायात तिनं आपल्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी बांधली. तेव्हापासून आमच्या अंगणात कायम हिरव्या चिंधीची दोन-चार पाखरं असायची. म्हातारी झाली की मरायची, पण त्यांच्या पिल्लांच्या पायात चिंधी चढलेली असायची.

आम्ही काही सुखात नव्हतो. बा हमाली करायचा, माय शेतकी युनिव्हर्सिटीच्या शेतावर रोजंदारीला जायची. तिथल्या साहेबांच्या पांढऱ्या इंग्लिश कोंबड्या बघून माय हसायची, "अंडी घालतेत, पर उबवायचं इसरलेत." माझं लग्न ठरलं, पाहुणे दारात, आणि आमच्या कोंबड्या मानमोडीनं गेलेल्या. चिंधीवाल्या तेवढ्या वाचल्या होत्या. बानं सुरी घेतली. माय खुराड्यासमोर जाऊन बसली.

"ती बाई कवाच इसरली आसंल!" बा ओरडला.

"मी इसरले न्हाई ना."

पाहुण्यांना पिठलं वाढलं. मला त्या दिवशी मायचा राग आला होता, आणि काकूचा त्याहून जास्त. तिनं भर माणसांत एक शब्द आमच्या बाजूनं बोलायला हवा होता, असं मी मायला सारखी म्हणायचे. माय एकदाच म्हणाली, "तिला त्याच घरात ऱ्हायचं व्हतं गं." पण म्हणून मी काकूला माफ केलं असं समजू नका.

बा जिवंत होता तोवर त्यानं गावात पाऊल टाकू दिलं नाही. तो गेला, मग पुढं कधीतरी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मी पुण्याहून माहेरी आले होते. चौकात गुलाल, पेढे, फटाके. माय चिंधीवाल्या कोंबड्या टोपल्यात घालत बसलेली. "चल, काकूचा वाटा दिऊन यू."

या खेपेला एसटीनं गेलो. कंडक्टरनं कोंबड्यांवरून कटकट केली. गोठ्याच्या दारात दीर नव्हता, तो अंथरुणाला खिळला होता म्हणे. काकू खाटेवर बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मायनं आवाज दिला. काकूनं मान वर केली, आवाजाकडं कान केला. मग म्हणाली, "कौसा? निघाली का गं समदी पिल्लं?"

"एक गार निघालं, काकू. बाकी निघाली."

काकूचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मायही रडत होती, पण हात चालू होते. चिंधीवाल्यांची वीणही अर्धलीचीच, म्हणून तिनं दोन भाग केले, रीतीप्रमाणं. काकूनं चाचपून एक भाग आपल्याकडं ओढला. वर एक तांबडी तलंग उरली. सुनेनं चहा आणला, घरातल्याच कपात. काकू म्हणाली, "ह्या बी घिऊन जा. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी, पयल्यावानी अर्धलीनं."

मला वाटलं, माय हो म्हणणार. इतकी वर्षं तिनं दुसरं केलं तरी काय होतं?

"न्हाई काकू," माय म्हणाली. "आता ज्याची त्याची."

काकूनं मान हलवली. पुढं बराच वेळ दोघी मानमोडीवर बोलत बसल्या.

परभणीला आल्यावर मायनं ती उरलेली तलंग कापली. चोचीत पाणी सोडलं, थेंब सांडला नाही. पायाकडं बघितलं नाही. दुपारी त्याच पत्र्याच्या खोलीत आम्ही जेवायला बसलो, तिनं हाड चोखलं, बोटं चाटली. मी सहज विचारलं, "माय, आता जायचं का गावाकडं ऱ्हायला?"

आज माझ्या फ्लॅटच्या खाली ड्रेस्ड चिकनचं दुकान आहे. तिथं कुणाचा वाटा विचारावा लागत नाही, आणि कुणाच्या नावानं एखादी राखावीही लागत नाही. तुम्ही राहिलात त्यांना गाव मिळालं, आम्ही निघालो त्यांना शहर मिळालं. दोन्हीकडं मला अजून थोडं पाहुण्यासारखंच वाटतं. घर म्हटलं की मला त्या दुपारची ती पत्र्याची खोली आठवते, आणि रस्सा ओरपत, माझ्याकडं न बघता मायनं दिलेलं उत्तर.

"कशाला? हे काय, घरीच तर हाय की मी."