अजून गार नाही

एसी दुरुस्त करणारे पैशाला पासरी मिळतात, पण हातवाला एकच. उजवा तळहात मशीनच्या तोंडाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "गॅस कमी आहे," नाहीतर, "काही झालेलं नाही, फिल्टर धुवा." तापमान मोजायचं यंत्र त्याच्या पिशवीत कधीच नव्हतं. "पोराचा ताप बघायला आईला काय थर्मामीटर लागतो?" असं वर तोंड करून विचारायचा. लोक त्याला नावानं ओळखतच नसत, हातवाला म्हणत, आणि स्वारी खूश होई. बावीस वर्षं या हातावर घर चाललं होतं, त्यामुळे हाताचा थोडा गर्व झाला असेल तर तो आपण माफ करू.

त्या दुपारी तो एका बाईंकडे गेला. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि बोलायला फटकळ. दोन दोन तास मशीन चालवूनही खोली गार होत नाही, ही त्यांची तक्रार.

त्यानं रिमोट पाहिला, तो बरोबर होता. फिल्टर काढला तर त्यावर धुळीची गोधडीच. तो धुतला. खिडकीबाहेरच्या युनिटची पाती कचऱ्यानं बुजली होती, ती पाण्यानं साफ केली. मग मशीन सुरू करून गेज लावलं आणि वाकून आकडा पाहिला. गॅसचा दाब अगदी चोख. आत येऊन वीस मिनिटं वाट पाहिली, आणि तळहात धरला.

"अजून गार नाही," तो म्हणाला.

"मला तर लागतंय," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या वयाला पंख्याचा वारासुद्धा गार लागतो. हे काम माझ्यावर सोडा."

पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आणखी वीस मिनिटं गेली. हात कोराच. गेज बिघडलं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. हात आणि गेज यांचं भांडण झालं की खोटं गेजच, हा त्याचा हल्लीचा अनुभव होता. "आतून गळती असणार. गेजला कळत नाही, पण हाताला कळतं," तो म्हणाला आणि मागे वळला.

बाई शाल गुंडाळून, पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. दात वाजत होते.

"चाळीस वर्षं वह्या तपासल्यात मी," त्या म्हणाल्या. "उत्तर चुकलं की मला दुरून कळतं. इकडे या. हात दाखवा. अहो, हे काय झालंय तुम्हाला?"

त्यानं तळहात पाहिला. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत कातडी लालभडक झाली होती आणि मध्ये रुपयाएवढा टरारून फुगलेला फोड. वाकताना त्यानं आधाराला बाहेरची तांब्याची नळी धरली होती. चालू मशीनची ती तापलेली नळी नुसती टेकली तरी माणूस बोंबलत हात मागे घेतो. यानं ती मुठीत धरली होती, गेजवरचा आकडा वाचून होईपर्यंत.

त्यानं फोडावर बोट दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. मग डावा हात हळूच वर केला, जो त्यानं बावीस वर्षांत कधी मशीनपुढे धरला नव्हता. गारठा थेट कोपरापर्यंत चढला.

"कधीपासून असं?" बाईंनी विचारलं.

तीन महिन्यांपूर्वी बोटांना मुंग्या येत होत्या. मग त्या थांबल्या, तेव्हा सुटलो म्हणून त्याला बरं वाटलं होतं. हे आठवलं आणि पाठोपाठ दुसरं आठवलं. मागच्या महिन्यात एका शिंप्याकडचं मशीन त्यानं असंच साफ केलं होतं, तिथंही गेज चोख होतं, आणि त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की हे गेलं, काढून टाका. त्या मशीनखाली शिंप्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती.

बाई मलम शोधायला उठल्या. त्यानं डाव्या हातानंच फोन लावला.

"दादा, मी हातवाला. आई कशा आहेत?"

"कशा असणार? उकाड्यानं जीव नकोसा झालाय तिला. नवीन मशीन काही इतक्यात जमत नाही."

"जुनं विकलं का?"

"नाही, बाल्कनीत पडलंय."

"दादा, ते चांगलं आहे. ते गार करत होतं. माझी चूक झाली. आज येतो, आत्ता येतो, बसवून देतो."

पलीकडे शिलाई मशीनचा खडखडाट थांबला. शिंपी चिडला असता तर बरं झालं असतं.

"आम्हाला गार लागत होतं हो," तो म्हणाला. "आईनं तर पांघरूण मागितलं होतं त्या दिवशी. पण तुम्ही हात धरून नाही म्हणालात, म्हणून मीच तिला गप्प केलं."