धोंडीबाईने मोजलेली तेवीस झाडं

डोळखांबच्या पाड्यांवर आंब्याचं कलम बांधायचं म्हटलं की लोक धोंडीबाईलाच निरोप धाडायचे. मुरबाडकडच्या एका रोपवाटिकेत ती चौदा वर्षं मजुरीला होती; तिथेच हात बसला. पुढे गुडघे दुखायला लागले, तशी ती घरी परतली आणि आषाढ-श्रावणात पाड्यापाड्यावर फिरून रायवळ झाडांवर केशर-हापूसची कलमं बांधू लागली. तिने बांधलेलं कलम सहसा वाया जात नसे. शाळा तिने पाहिली नव्हती, पण कुणाच्या परसात कोणत्या साली कोणत्या फांदीवर कलमाची काडी चढवली, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची.

एका मार्गशीर्षात पाड्यावरच्या कुंडलिकच्या आंब्याची एक फांदी अचानक वाळली. पानं करपली, पण गळून पडली नाहीत. तशीच लटकत राहिली.

"उन्हानं झालं असंल," कुंडलिक म्हणाला.

धोंडीबाईने चाकूने साल सोलली. आतल्या लाकडात गडद तपकिरी रेघ उतरत गेली होती. इतक्या वर्षांत तिने असं लाकूड पाहिलं नव्हतं.

रोपवाटिकेत असताना कृषी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेची स्नेहल नावाची मुलगी पाहणीला आली होती. बाहेरून आलेल्या एका बुरशीचे फोटो दाखवून, "असं कुठं दिसलं तर फोन करा मावशी," असं सांगून नंबर देऊन गेली होती. धोंडीबाईने पुतण्याकडून तो नंबर लावून घेतला.

स्नेहल चौथ्या दिवशी आली. कुंडलिकच्या झाडाच्या आणि आसपासच्या बारा आंब्यांच्या लाकडाचा बारीक चुरा तिने बोटभर नळ्यांत भरून घेतला.

"ह्यातनं काय कळतं गो बाय?"

"प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची स्वतःची खूण असते, मावशी. बुरशीचीही असते. झाड वरून हिरवंगार असलं तरी लाकडात ती खूण सापडली, की रोग आत शिरलाय हे आधीच समजतं."

दहा दिवसांनी निकाल आला. कुंडलिकचं झाड रोगी निघालं. आणि दुसरं रोगी निघालं ते ओढ्यापलीकडचं हरेशचं. एकही पान न करपलेलं. मधली सगळी झाडं मात्र निरोगी होती.

"मधली झाडं सोडून रोग तिकडे कसा गेला, हेच कळत नाही," स्नेहल म्हणाली.

धोंडीबाईला कुंडलिकच्या कलमाचा दिवस आठवला. त्या दिवशी सकाळी तिने कुंडलिककडे कलम बांधलं होतं, तिथून तोच चाकू घेऊन सरळ हरेशकडे गेली होती. कुंडलिकच्या झाडावर चढवलेल्या काड्या परगावाहून ट्रकने आलेल्या मालातल्या होत्या. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलंही नसतं.

"माज्या चाकूनं गेला," ती म्हणाली. "कुंडलिकच्या मागनं त्या साली मी अजून तेवीस झाडं केली. हरेशचं त्यातलं पयलं. सगळी तपासायची."

रात्रीच्या जेवणाला नवरा, कमळू, चिडला. "सोताच्या तोंडानं सांगत फिरनार? लोक दारात उभं करनार नाय तुला."

"नाय केलं तर नाय. झाडं जगली पायजेत."

सहा पाडे ती स्नेहलला घेऊन पायी फिरली. प्रत्येक दारात आधी स्वतःची चूक सांगायची, मग झाड दाखवायची. कुणी पाणी विचारलं, कुणी तोंड फिरवलं. एका घरी तर बाईने अंगणातूनच हाकललं. धोंडीबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली, आणि चुरा घेऊनच आली.

तेविसांत चार रोगी निघाली. एक हरेशचं, एक वरच्या पाड्यावरचं, एक गिरजाचं, आणि एक धोंडीबाईच्या स्वतःच्या दारातलं. रोगी झाडं तोडून जाळायला हवीत, असं स्नेहल म्हणाली. कुंडलिक, हरेश आणि वरच्या पाड्यावरचा मालक तयार झाले, पण गिरजा झाडाला पाठ लावून उभी राहिली. झाड मोहराने लगडलं होतं.

"डोळं फुटलं का तुजं? हे झाड मेल्यालं दिसतंय? कुनाच्या नळीत काय निघालं म्हनून मी कुऱ्हाड लावू?"

"नको लावू," धोंडीबाई म्हणाली. "उद्या माज्या दारात ये. माजं पन असंच मोहरलंय."

गिरजा आली. निम्मा पाडा आला. कमळूने कुऱ्हाड हातात घेतली, पण त्याचा हात उचलेना. तेव्हा धोंडीबाईने ती काढून घेतली आणि स्वतः घाव घातले. नऊ वर्षांचं झाड मोहरासकट आडवं झालं. बुंध्याच्या कापावर, पांढऱ्या लाकडात, करंगळीएवढा तपकिरी डाग होता.

गिरजाने वाकून त्यावर बोट फिरवलं. "एवढुसाच हाय," ती म्हणाली.

"म्हनून तर आता कापायचं. पुढच्या साली तुज्या मागची आमराई गेली असती."

संध्याकाळी गिरजाने स्वतःहून कुऱ्हाड मागून नेली. पाचही झाडं मुळासकट उकरून जागच्या जागी जाळली. त्यानंतरचे दोन पावसाळे स्नेहलने उरलेल्या झाडांचा चुरा पुन्हा पुन्हा तपासला. एकातही बुरशी सापडली नाही.

त्या साली धोंडीबाईला कुणी कलमाला बोलावलं नाही. ती भाताच्या लावणीला मजुरीने गेली. पुढल्या साली दोन घरांनी बोलावलं, त्यातलं एक कुंडलिकचं. ती आता एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना चाकू स्पिरिटने पुसते, घरधन्याच्या डोळ्यांदेखत.

यंदा ज्येष्ठात ती जुन्या रोपवाटिकेत थोड्या दिवसांच्या मजुरीला गेली, तेव्हा दारात परगावच्या रोपांचा ट्रक लागला होता. तपासल्याशिवाय ती जुन्या रोपांत मिसळू नका, असं ती मालकाला म्हणाली. मालक हसला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत "टाइम होतोय, बाई" म्हणाला. धोंडीबाई फाटकात बसकण मारून बसली. तासाभराने मालकानेच वैतागून पलीकडचं रिकामं जाळीघर उघडून दिलं. रोपं तिथे वेगळी उतरली, स्नेहलच्या नळ्या भरल्या, आणि अकराव्या दिवशी सगळी रोपं निरोगी असल्याचा फोन आला.

मालक म्हणाला, "बघ, उगाच खोळंबा केलास."

"बरं झालं की," म्हणत धोंडीबाईने पदर खोचला आणि जुन्या रोपांकडे न्यायला पहिली पाटी डोक्यावर घेतली.