येळवसचा वचपा

हुलसूरच्या आमच्या गल्लीनं विजयश्रीला आधी गरीब गाय समजलं, ते आठवलं की आता पोट धरून हसू येतंय. कलबुर्गीच्या कॉलेजात प्राध्यापक, पण मान खाली, बोलणं हळू. नळावर कुणी पुढं घुसलं तर "भरा की अक्का" म्हणून बाजूला होणारी. आम्हाला वाटलं, हिला राग म्हणून देवानं दिलाच न्हाई. दिला होता बाई. हिनं तो लोणच्यासारखा मुरत घातला होता.

राग होता अमृतप्पा सरांवर. ते तिचे पीएचडीचे गाईड. गाईडनं काय करायचं असतंय? पोरीनं लिहिलेलं वाचायचं, चुकलं तिथं सांगायचं, वाट दाखवायची. सरांनी वाट दाखवली ती मंठाळच्या त्यांच्या शेताची. दरसाल येळवस आली की, म्हणजे वेळ अमावस्या, आख्खा मुलूख शेतात जाऊन कडब्याची कोप करून जेवतंय तो दिवस, सरांचा फोन ठरलेला. "विजयश्री, सकाळी लवकर ये. पाव्हणे हायेत."

मग चुलीवर डाळ-भाज्यांच्या भज्जीचं हे एवढं पातेलं, मडक्यात आंबील, आणि विजयश्रीच्या हातात ढवळायचा लाकडी चाटू. सर बाजल्यावर. पाव्हण्यांना सांगायचे, "समाजशास्त्राची पोरगी हाय. तिला फिल्डवर्क शिकवायलोय." पाव्हणे खदाखदा हसायचे. तिकडं हुलसूरला तिचे वडील भगवानराव लेकीची वाट बघून, दुपार कलल्यावर एकटेच जेवायचे. असं करत करत एका साली भगवानराव गेले. पोरीच्या प्रबंधाचं प्रकरण मात्र सरांच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली, होतं तसंच.

"ह्या सगळ्या येळवस मी वसूल करणार," ती म्हणली. मनातल्या मनात हं.

कशीबशी डॉक्टर झाली, पुढं तिला बी गाईडची मान्यता मिळाली. नव्या गाईड लोकांना शिकवायला विद्यापीठानं कार्यशाळा ठेवली, आणि वक्ते कोण? अमृतप्पा सर, रिटायर होऊन शाल पांघरून आलेले. "विद्यार्थ्याला पोटच्या लेकरासारखं सांभाळा," सर माईकवर म्हणले. विजयश्री पहिल्या रांगेत मान डोलवायली होती.

शेजारच्या मॅडमनी इचारलं, "लई आवडलं वाटतं?"

"व्हय. सर काय काय करायचे ते आठवायलीय. तेवढ्याच्या उलटं केलं की झालं."

आणि देव बी खोडकर बघा. वर्ष-दोन वर्षांत सरांचा फोन. "विजयश्री, आमच्या चैत्राला तुझ्याकडं घे. तुला आमीच घडवलंय, आता तू आमच्या लेकीला घडव." चैत्रा म्हणजे सरांची पोटची पोर. विजयश्रीनं लगेच व्हय म्हणलं. फोन ठेवला आणि असं गोड हसली की शिपाई घाबरून बाहेर गेला.

चैत्रानं पहिलं प्रकरण दिलं. येळवसच्या दिवशी शेतात कोण राबतंय आणि कोण आधी जेवतंय, हा तिचा विषय. विजयश्रीनं ते टेबलावर ठेवलं आणि वर आपल्या चष्म्याची डबी ठेवली. पोरगी रोज यायची, बाहेरच्या बाकड्यावर बसायची, जायची. आत विजयश्री चहा प्यायची. चहा लई गोड लागायचा.

बरेच दिवस झाल्यावर तिनं चैत्राला टोचलं, "कंटाळलीस?"

"न्हाई मॅडम. अप्पा म्हणलेत, गाईड लोकं असंच करतेत. आपला नंबर आल्यावर आपण बी करायचं."

विजयश्रीचा चहा तिथंच थांबला. म्हणजे हे बियाणं पुढच्या पिढीत उगवणार, आणि पाणी घालायली कोण, तर ही. पोरीला रडवून सरांचं काय जायलंय? तिनं डबी उचलली. त्याच दुपारी सगळं प्रकरण वाचलं.

पण शिकल्याबिगर कुणाला जमतंय? उलटं करायच्या नादात तिनं सगळं प्रकरण आपणच नव्यानं लिहून दिलं. चैत्रानं एक अक्षर न बदलता टाइप करून आणलं, वर "थँक्यू मॅडम." विजयश्रीनं वाचलं आणि चपापली. सगळीकडं हिचाच आवाज, पोरीचा कुठंच न्हाई. सर न वाचता पोरीला दाबायचे, ही वाचून दाबायली होती. त्या दिवसापासून तिनं लिहून देणं सोडलं, नुसतं इचारायला लागली. तुला काय दिसलं? तुला कसं कळलं? अजून कुणाला इचारशील? आणि इचारून झालं की गप बसायचं. ते गप बसणं तिला सगळ्यात जड गेलं.

असंच एकदा तिनं इचारलं, "एवढी शेतं फिरलीस. घरचं शेत कामून सोडलंस?"

प्रश्न संशोधनाचा होता. डाव बी होता. तिनं पुढं एक शब्द सांगितला न्हाई. चैत्रा घरी गेली आणि आईला, नागव्वाला, घेऊन बसली. नागव्वा एवढी वर्षं कुणी इचारायचीच वाट बघायली होती.

शेवटची तोंडी परीक्षा आली. हॉल भरलेला, मागच्या रांगेत नागव्वा, पुढं सर. चैत्रा पडद्यापुढं उभी राहून सांगायली होती, नाव न घेता. एका शेतावर मालक दिवसभर बाजल्यावर. आंबील करणारी ना घरची, ना मजुरीची. मालकाच्या हाताखाली शिकणारी पोरगी. तिचा बाप तिकडं वाट बघत उपाशी.

सर उठले. जुनं हाड, गप बसवतंय कुठलं. "हे शेत मला खरं वाटत न्हाई. शिकायला आलेल्या पोरीला चुलीपुढं बसवणारा माणूस असंल तर नाव सांग त्याचं."

चैत्रानं मॅडमकडं बघितलं. विजयश्री उठून शांतपणे म्हणली, "संशोधनात नाव सांगत न्हाईत, सर. शेतमालक आपणहून सांगत असंल तर गोष्ट वेगळी."

मागनं नागव्वाचा आवाज आला, घाईत निम्मा कानडीत. "अहो, कुंद्री, बसा खाली. आपलंच शेत हाय ते."

हॉल असा हसला की बाहेरून आलेल्या परीक्षकांना पाणी द्यावं लागलं. सर बसले. शाल डोक्यावरनं घेऊन बसले.

परीक्षा झाली, चैत्रा डॉक्टर झाली. आपल्याकडं त्या दिवशी गाईडला शाल आणि जेवण द्यायची रीत हाय. चैत्रा शाल घेऊन आली तर विजयश्री म्हणली, "शाल नको. येळवसला शेतावर बोलव. आंबील तुझ्या अप्पानं करायची."

त्या येळवसला मंठाळच्या शेतात चुलीपुढं सर, डोळ्यांत धूर, हातात चाटू. विजयश्री कोपीला नमस्कार करून समोर उभी. सर पीठ शिजवून मडकं उतरवतात न उतरवतात तोच लसूण घालायला लागले.

"सर, निवल्यावर घालायचा लसूण."

"गरमच घालतेत. आमच्यात पहिल्यापासून गरमच."

"इथं एवढी वर्षं मीच केली सर. निवल्यावरच घालत होते."

"विजयश्री, शेत माझं, मडकं माझं. मी बघितलंय ना डोळ्यानं."

"कुठनं बघितलं?"

सरांची नजर बाजल्याकडं गेली. चैत्रा खाली बघायली होती, नागव्वानं पदर तोंडात धरला होता.

"आडवं पडून मडक्यातलं दिसतंय व्हय, सर?"

सरांनी लसणाची वाटी खाली ठेवली. "बरं, निवू दे मग."

"वारा घाला की. लवकर निवंल."

सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मडक्याला वारा घालायला लागले. विजयश्री गेली आणि बाजल्यावर आडवी झाली.